इमोलाचा विस्मृतीत गेलेला शनिवार : रोलंड राट्झेनबर्गर आणि सिमटेक संघ

मोटार शर्यतींच्या इतिहासात १ मे १९९४ हा दिवस आयर्टन सेन्नाच्या मृत्यूचा दिवस म्हणून ओळखला जातो. इटलीतील इमोला येथे सॅन मारिनो ग्रां प्रीमध्ये झालेल्या त्या अपघाताने जग हळहळले. ब्राझीलने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. मात्र त्याच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिल रोजी, त्याच सर्किटवर आणखी एक चालक प्राणास मुकला होता. ऑस्ट्रियाचा रोलंड राट्झेनबर्गर हे त्याचे नाव. फॉर्म्युला वनमध्ये त्याच्या नावावर अवघी एक शर्यत जमा होती, आणि ज्या सिमटेक संघासाठी तो गाडी चालवत होता, तो संघही पुढे साधारण वर्षभरातच बंद पडला. त्या शनिवार-रविवारनंतर मोटार शर्यतींच्या सुरक्षिततेत जे बदल घडले, त्यांचा विचार करताना राट्झेनबर्गरचा अपघात केवळ तळटीप म्हणून सोडून देता येत नाही.

साल्झबर्ग ते जपान

राट्झेनबर्गरचा जन्म ४ जुलै १९६० रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे झाला. श्रीमंत घराण्याचे किंवा बड्या कंपनीचे पाठबळ नसलेल्या चालकाला जो लांबचा रस्ता धरावा लागतो, तोच त्यानेही धरला. १९८३ पासून तो जर्मनीतील फॉर्म्युला फोर्ड शर्यतींत उतरू लागला. १९८५ मध्ये त्याने ऑस्ट्रियाचे आणि मध्य युरोपचे फॉर्म्युला फोर्ड विजेतेपद पटकावले. १९८६ मध्ये इंग्लंडच्या ब्रँड्स हॅच सर्किटवर भरणारा फॉर्म्युला फोर्ड फेस्टिव्हल त्याने जिंकला. नवोदित चालकांची पारख करणारी ही स्पर्धा प्रतिष्ठेची मानली जाते. त्याच्या आदल्या वर्षी ती जॉनी हर्बर्टने जिंकली होती, तर पुढच्या वर्षी एडी अर्व्हाइनने. हे दोघेही नंतर फॉर्म्युला वनमध्ये ग्रां प्री विजेते झाले. राट्झेनबर्गरला मात्र त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी आणखी आठ वर्षे लागली.

या काळात ब्रिटनमध्ये त्याला एका निराळ्याच कारणाने प्रसिद्धी मिळाली. तेथील दूरचित्रवाणीवर ‘रोलंड रॅट’ नावाचा उंदराचा बाहुला लहान मुलांमध्ये लोकप्रिय होता. नावातील साम्यामुळे प्रेक्षकांना हा ऑस्ट्रियन चालक लक्षात राहू लागला. पुढे त्याने ब्रिटिश फॉर्म्युला थ्री, जागतिक टूरिंग कार स्पर्धा आणि ब्रिटिश फॉर्म्युला ३००० अशा वेगवेगळ्या प्रकारांत नशीब अजमावले. फॉर्म्युला ३०००च्या १९८९च्या हंगामात तो एकूण तिसरा आला.

१९९० च्या दशकाच्या आरंभी त्याने जपानची वाट धरली. तेथे शर्यतींना औद्योगिक घराण्यांचा भक्कम आश्रय होता आणि युरोपातून येणाऱ्या व्यावसायिक चालकांना चांगले मानधन मिळत असे. टोयोटाच्या गाड्या उतरवणाऱ्या सार्ड संघाशी त्याचे नाते जुळले. १९९३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत मौरो मार्टिनी आणि नाओकी नागासाका यांच्या जोडीने त्याने टोयोटा चालवली. या तिघांनी एकूण पाचवा क्रमांक आणि आपल्या वर्गातील विजेतेपद मिळवले. सहनशक्तीच्या शर्यतींत त्याचे नाव आता प्रस्थापित झाले होते. मात्र त्याचे लक्ष्य फॉर्म्युला वन हेच होते. वय आड येऊ नये म्हणून तो आपले वय दोन वर्षांनी कमी सांगत असे.

सिमटेक : कागदावरील आराखड्यापासून ग्रिडपर्यंत

त्याचे हे स्वप्न ज्या संघामुळे साकार झाले, त्या सिमटेकचा इतिहासही तितकाच अल्पजीवी आहे. सिम्युलेशन टेक्नॉलॉजी या शब्दांचे संक्षिप्त रूप म्हणजे सिमटेक. तरुण ब्रिटिश अभियंता निक वर्थ आणि मॅक्स मॉस्ली यांनी १९८९ मध्ये ही संशोधन व आरेखन संस्था स्थापन केली. मॉस्ली १९९१ मध्ये मोटार क्रीडेच्या जागतिक नियामक संस्थेच्या अध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा त्यांनी आपला हिस्सा विकला. ही संस्था आरंभी स्वतः शर्यतीत उतरत नव्हती. ती इतरांसाठी अभ्यास आणि आराखडे करून देत असे. बीएमडब्ल्यू कंपनीसाठी तिने केलेला फॉर्म्युला वन गाडीचा एक आराखडा प्रत्यक्षात आला नाही. त्याच आराखड्यावर आधारलेली गाडी १९९२ मध्ये इटलीच्या अँड्रिया मोडा संघाने उतरवली. त्या संघाला संपूर्ण हंगामात केवळ एकदाच, मोनॅकोमध्ये, शर्यतीसाठी पात्र ठरता आले आणि हंगाम संपण्यापूर्वीच त्याला स्पर्धेतून वगळण्यात आले.

१९९४ मध्ये सिमटेक स्वतःच्या नावाने मैदानात उतरला. एस९४१ ही गाडी, फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन, अंगावर एमटीव्ही वाहिनीची जाहिरात आणि तुटपुंजे भांडवल, एवढीच संघाची पुंजी होती. पहिला चालक म्हणून डेव्हिड ब्रॅबहॅमची निवड झाली. तीन वेळचे जगज्जेते सर जॅक ब्रॅबहॅम यांचा हा धाकटा मुलगा. दुसरी जागा जो चालक पैसा आणील त्याच्यासाठी होती. फॉर्म्युला वनमधील छोट्या संघांची ही जुनी रीत आहे. राट्झेनबर्गरने एका खासगी आश्रयदात्याच्या मदतीने पैशाची जुळवाजुळव केली आणि पाच शर्यतींपुरता करार मिळवला.

त्या हंगामात एकूण २८ गाड्यांची नोंदणी झाली होती आणि शर्यतीच्या आरंभरेषेवर, म्हणजे ग्रिडवर, जागा होत्या २६. प्रत्येक वेळी दोन चालकांना शर्यत न खेळताच परतावे लागणार होते. सिमटेक आणि पॅसिफिक या दोन नव्या संघांच्या चार गाड्या बहुधा या शेवटच्या जागांसाठीच झगडत असत. पाच संधी हाती असलेल्या चालकासाठी यातील प्रत्येक फेरी मोलाची होती.

२७ मार्च रोजी ब्राझीलमध्ये झालेल्या पहिल्या शर्यतीसाठी राट्झेनबर्गर पात्र ठरू शकला नाही. १७ एप्रिलची दुसरी शर्यत जपानमधील आइदा येथे होती. तेथे पूर्वी गाडी चालवलेला तो एकमेव चालक होता. तो २६ व्या, म्हणजे शेवटच्या स्थानावरून निघाला आणि विजेत्या मायकेल शूमाकरपेक्षा पाच फेऱ्या मागे राहून अकरावा आला. पूर्ण केलेली ही त्याची एकमेव फॉर्म्युला वन शर्यत.

३० एप्रिल १९९४

तिसरी शर्यत इमोलाची होती. शुक्रवारीच अपशकुन झाला. ब्राझीलच्या रुबेन्स बारिकेलोची जॉर्डन गाडी उसळून कुंपणावर आदळली. तो बेशुद्ध झाला, पण वाचला.

त्या काळी पात्रतेसाठी शुक्रवारी आणि शनिवारी एकेक तासाची फेरी असे आणि दोन्हींतील सर्वोत्तम वेळ ग्राह्य धरली जाई. शनिवारच्या फेरीत अक्वे मिनेराली या वळणावर राट्झेनबर्गरची गाडी मार्गाबाहेर गेली. तेथील उंचवट्यावरून जाताना तिच्या पुढील पंखाला इजा झाली असावी. ग्रिडवरील जागेसाठी झगडत असलेला हा चालक पिटमध्ये परतला नाही. आणखी एक वेगवान फेरी घेण्यासाठी तो पुढे निघाला.

फॉर्म्युला वन गाडीचा पुढील पंख हा विमानाच्या पंखाचा उलटा अवतार असतो. विमानाचा पंख वर उचलतो, तर हा पंख हवेच्या दाबाने गाडीची पुढची चाके जमिनीवर घट्ट दाबून धरतो. वेग जितका अधिक, तितका हा दाब अधिक. टाम्बुरेलो वळण ओलांडून गाडी सर्वाधिक वेगाने पुढच्या व्हिलनव्ह वळणाकडे धावत असताना दुखावलेला पंख तुटला आणि गाडीखाली गेला. पुढच्या चाकांची पकड गेली आणि सुकाणू निरुपयोगी ठरले. वळण घेण्याऐवजी गाडी ताशी सुमारे ३१५ किलोमीटर वेगाने बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. चालकाभोवतीचे संरक्षक कवच बव्हंशी शाबूत राहिले, पण आघाताच्या झटक्याने कवटीच्या तळाचे हाड मोडले. बोलोन्या येथील माज्जोरे रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. त्याचे वय ३३ वर्षे होते.

पात्रता फेरी थांबवण्यात आली आणि काही वेळाने पुन्हा सुरू झाली. विल्यम्स आणि बेनेटन यांच्यासह काही संघांनी पुढे त्यात भाग घेतला नाही. सेन्ना स्वतः अधिकृत वाहनातून अपघातस्थळी गेला होता. स्पर्धेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी प्राध्यापक सिड वॉटकिन्स त्याचे स्नेही होते. त्यांनी त्या दिवशी त्याला शर्यत सोडून देण्याचा सल्ला दिला. सेन्नाने तो मानला नाही. दुसऱ्या दिवशी सातव्या फेरीत टाम्बुरेलो वळणावर त्याची विल्यम्स गाडी भिंतीवर आदळली. त्याच्या गाडीत गुंडाळलेला ऑस्ट्रियाचा ध्वज सापडला. शर्यतीनंतर राट्झेनबर्गरच्या स्मरणार्थ तो फडकवण्याचा त्याचा विचार होता, असे मानले जाते.

रविवारच्या ग्रिडवरील २६ वी जागा राट्झेनबर्गरच्या सन्मानार्थ रिकामी ठेवण्यात आली होती. जिच्यासाठी तो अखेरपर्यंत झगडला, ती जागा वेळेच्या नोंदीनुसार त्याला मिळालेलीच होती. ब्रॅबहॅमने शर्यतीत उतरण्याचा निर्णय घेतला. खचलेल्या संघाला उभे राहण्यासाठी त्याची गरज होती. २७ फेऱ्यांनंतर त्याला बाहेर पडावे लागले.

दोन अंत्ययात्रा

५ मे रोजी साओ पाउलो येथे सेन्नावर अंत्यसंस्कार झाले. शहरातील रस्त्यांवर लाखोंचा समुदाय लोटला होता. अनेक जगज्जेते आणि संघमालक तेथे उपस्थित होते. ७ मे रोजी साल्झबर्ग येथे राट्झेनबर्गरचे दफन झाले, तेव्हा मोजकीच मंडळी होती. सेन्नाला निरोप देऊन परतलेला त्याचा देशबंधू गेर्हार्ड बर्गर आणि जॉनी हर्बर्ट त्यांत होते. नियामक संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मॉस्ली हेही साल्झबर्गलाच गेले. सगळे सेन्नाच्या अंत्यविधीला गेले, म्हणून कोणीतरी येथे असणे महत्त्वाचे वाटले, असे कारण त्यांनी दहा वर्षांनंतर सांगितले.

पुढच्या मोनॅको ग्रां प्रीमध्ये ग्रिडवरील पहिल्या दोन जागा रिकाम्या ठेवून तेथे ब्राझील व ऑस्ट्रिया यांचे ध्वज रंगवण्यात आले. ज्याला शेवटची जागा मिळवण्यासाठी झगडावे लागे, त्याच्या देशाचा ध्वज त्या दिवशी पहिल्या रांगेत होता. सिमटेकने तेथे एकच गाडी उतरवली. ‘रोलंडसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे त्या गाडीवर होती.

जूनमध्ये ल मां येथे तो सार्ड संघाची टोयोटा चालवणार होता. त्याच्या जागी एडी अर्व्हाइन आला. संघाने राट्झेनबर्गरचे नाव गाडीवर तसेच राहू दिले. अर्व्हाइन, मार्टिनी आणि जेफ क्रॉसनॉफ यांची ती गाडी अखेरच्या टप्प्यात आघाडीवर होती. गिअरमधील बिघाडाने विजय हुकला आणि ती दुसरी आली.

पूर्वीची दोन नावे

शर्यतीच्या इतिहासात अशी नावे याआधीही होऊन गेली होती. २९ जुलै १९७३ रोजी नेदरलँड्समधील झांडफोर्ट येथे रॉजर विल्यमसन हा ब्रिटिश तरुण आपल्या दुसऱ्याच ग्रां प्रीमध्ये उलटलेल्या, पेटलेल्या गाडीखाली अडकला. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या चालकाने आपली गाडी थांबवून एकट्याने ती गाडी सरळ करण्याचा प्रयत्न केला. जवळच्या कर्मचाऱ्यांकडे आगीपासून बचाव करणारे कपडे नव्हते आणि शर्यतही थांबवली गेली नाही. विल्यमसनचा अंत झाला. पर्लीला पुढे शौर्याबद्दल जॉर्ज पदक देण्यात आले.

१३ जून १९८२ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे इटलीचा रिकार्डो पालेत्ती शर्यत सुरू होताच जागीच बंद पडलेल्या दिदिए पिरोनीच्या फेरारीवर मागून आदळला. चोविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. ओसेला या छोट्या इटालियन संघाचा तो चालक. पहिली शर्यत त्याने काही आठवड्यांपूर्वी इमोलालाच सुरू केली होती, मॉन्ट्रियलची दुसरी. महिनाभर आधी बेल्जियममध्ये मरण पावलेल्या जिल व्हिलनव्हचे नाव मॉन्ट्रियलच्या त्या सर्किटला देण्यात आले होते. पुढे बारा वर्षांनी राट्झेनबर्गर ज्या वळणावर गेला, त्यालाही व्हिलनव्हचेच नाव होते. पालेत्तीनंतर ग्रां प्रीच्या स्पर्धेदरम्यान मृत्यू पावलेला पहिला चालक म्हणजे राट्झेनबर्गर. मधल्या काळात एलिओ द अँजेलिस १९८६ मध्ये सरावचाचणीत दगावला होता. मात्र बारा वर्षांत प्रत्यक्ष स्पर्धेत कोणाचाही जीव गेला नव्हता, त्यामुळे आधुनिक गाड्या पुरेशा सुरक्षित झाल्या आहेत, अशी समजूत दृढ झाली होती. ती समजूत ३० एप्रिलच्या अपघाताने मोडली.

त्यानंतरचे बदल

चालक संघटित होऊ लागले, ते राट्झेनबर्गरच्या मृत्यूनंतर लगेच. रविवारी सकाळी, शर्यतीपूर्वी, सेन्नासह काही चालकांनी आपली जुनी संघटना पुन्हा उभी करण्याविषयी चर्चा केली. १९६१ मध्ये स्थापन झालेली ग्रां प्री चालक संघटना १९८२ मध्ये विसर्जित झाली होती. मोनॅकोमध्ये ती पुन्हा अस्तित्वात आली. निकी लाउडा यांनी तिच्या उभारणीत पुढाकार घेतला. आज कोणत्याही सर्किटच्या सुरक्षिततेविषयी या संघटनेचे मत विचारात घेतले जाते.

नियामक संस्थेने वॉटकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची सुरक्षा समिती नेमली. पिटमधील वेगावर मर्यादा आली. १९९५ पासून इंजिनांची क्षमता साडेतीन लिटरवरून तीन लिटरवर आणली गेली. १९९६ पासून चालकाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना उंच, मऊ संरक्षक कडा सक्तीच्या झाल्या. इमोलाच्या टाम्बुरेलो आणि व्हिलनव्ह या दोन्ही वेगवान वळणांच्या जागी वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणे आली.

राट्झेनबर्गरच्या अपघाताशी सर्वांत थेट नाते सांगणारा बदल मात्र आणखी नऊ वर्षांनी झाला. गाडी अचानक थांबते, तेव्हा पट्ट्यांनी जखडलेले धड जागीच राहते, पण शिरस्त्राणासह डोके पुढे झेपावते. तो सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळावर येतो. अमेरिकेतील जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी १९८० च्या दशकात यावर उपाय शोधला होता. खांद्यांवर बसणारी एक ताठ कॉलर आणि तिला शिरस्त्राण जोडणारे दोन पट्टे, असे त्याचे स्वरूप आहे. हान्स या नावाने ओळखले जाणारे हे साधन डोक्याला धडापासून दूर फेकले जाऊ देत नाही. चालकांना ते अडचणीचे वाटे, म्हणून त्याचा स्वीकार लांबला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेचा नामवंत चालक डेल अर्नहार्ट अशाच कवटीच्या दुखापतीने गेला. त्यानंतर नॅस्कारने डोके-मान संरक्षक साधने सक्तीची केली. फॉर्म्युला वनमध्ये हान्स २००३ पासून अनिवार्य झाले.

संघाची अखेर

सिमटेकला इमोलातून सावरता आले नाही. मे महिन्याच्या अखेरीस स्पेनमध्ये राट्झेनबर्गरच्या जागी आलेल्या अँड्रिया मॉन्टेर्मिनीचाही सरावात मोठा अपघात झाला आणि त्याच्या पायाला इजा झाली. उरलेल्या हंगामात त्या गाडीत एकामागून एक चालक बसले. त्यांपैकी झाँ-मार्क गुनाँने फ्रान्समध्ये मिळवलेला नववा क्रमांक ही संघाची सर्वोत्तम कामगिरी ठरली.

१९९५ ची गाडी अधिक चांगली होती. पुढे जगज्जेता झालेल्या मॅक्स व्हर्स्टॅपेन याचे वडील योस व्हर्स्टॅपेन ती चालवत. अर्जेंटिनामध्ये ते सहाव्या स्थानापर्यंत पोहोचले होते. त्या काळी सहाव्या क्रमांकाला एक गुण मिळत असे आणि छोट्या संघासाठी एका गुणाची किंमत फार मोठी होती. गिअरबॉक्सने दगा दिला आणि तो गुण हातचा गेला. प्रायोजकांचा पैसा वेळेवर आला नाही. मे १९९५ मधील मोनॅको ग्रां प्रीनंतर संघाने पुढचा प्रवास थांबवला. सुमारे साठ लाख पौंडांच्या देण्यांखाली तो दिवाळखोरीत गेला आणि त्याची मालमत्ता लिलावात निघाली. निक वर्थ पुढे बेनेटनमध्ये आणि २०१० मध्ये व्हर्जिन संघाच्या गाडीचे आरेखक म्हणून फॉर्म्युला वनमध्ये परतले.

स्मरण

इमोलाच्या सर्किटलगतच्या उद्यानात सेन्नाचा कांस्य पुतळा आहे. त्याच्या मृत्यूबाबत इटलीच्या न्यायालयांत अनेक वर्षे खटला चालला. पुस्तके लिहिली गेली, चित्रपट निघाले. राट्झेनबर्गरची आठवण बराच काळ त्याचे कुटुंब, सहकारी आणि थोड्या जाणकारांपुरती राहिली. २०१४ मध्ये विसाव्या स्मृतिवर्षानिमित्त इमोलात दोघांचेही स्मरण करण्यात आले. २०२४ मध्ये त्याच सर्किटवर सेबास्टियन व्हेटेलने सेन्नाची जुनी मॅकलारेन चालवली, तेव्हा त्याने ब्राझीलच्या ध्वजासोबत ऑस्ट्रियाचा ध्वजही फडकवला.

१९९४ च्या त्या रविवारनंतर फॉर्म्युला वन शर्यतीतील अपघाताने केवळ एका चालकाचा मृत्यू झाला आहे. फ्रान्सच्या ज्यूल बियांकीला २०१४ च्या जपान ग्रां प्रीमध्ये झालेली दुखापत २०१५ मध्ये जीवघेणी ठरली. तोही मारुसिया या मागच्या रांगेतील, पैशाच्या विवंचनेत असलेल्या संघाचा चालक होता. आज ताशी ३०० किलोमीटरच्या अपघातातून चालक स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येताना दिसतो. त्याच्या खांद्यांवरची कॉलर आणि कानांभोवतीची मऊ कड ज्या घटनांनंतर नियमात आली, त्यांमध्ये त्या शनिवारचा अपघातही आहे.